भाडं : एक मिरी

वर्दिंगच्या या दुसऱ्या मजल्यावर
आमचं काय आहे, ते कागदात नीट लिहिलंय :
भिंतींचं आतलं प्लास्टर. भिंती नाहीत.
जमिनीच्या फळ्या. त्यांच्याखालचे वासे नाहीत.
खिडकीची काच आमची, चौकट त्यांची,
आणि काचेतून दिसतो तो समुद्र
बहुधा दोघांचाही नाही.

माझे वडील तलाठी होते, चंदगडकडे.
सातबाऱ्यावर नाव चढवताना टाक झटकायचे
आणि म्हणायचे, जुने राजे बरे,
दान दिलं की ताम्रपटावर कोरायचे : आचंद्रार्क.
इथे चंद्रसूर्यांचा संबंध नाही.
चोवीस जून दोन हजार दोनपासून नव्याण्णव वर्षं.
त्यानंतर प्लास्टरही त्यांचं.

ते म्हणजे कोण, विचारू नका.
गर्न्सी बेटावरची एक पोस्टाची पेटी.
दर वर्षी दोनशे पौंड खाते,
ढेकरसुद्धा देत नाही.

सदानंद म्हणायचा, करू गं, ऐंशीच्या वर आहे अजून.
बॉयलर आधी. मग मृण्मयीची फी. मग माझा गुडघा.
मग त्याचा खोकला.
फेब्रुवारीत तो गेला
आणि त्याच जूनमध्ये, चोवीस तारीख उलटली तशी,
ऐंशीला एक दिवस कमी पडला.
मी तेव्हा त्याचे शर्ट घड्या घालून
चॅरिटीच्या दुकानात देऊन येत होते.

मिस प्रिचर्ड म्हणाली, ऐंशीच्या खाली गेलं ना,
आता मॅरेज व्हॅल्यू भरावी लागेल, मिसेस कोरगावकर.
जमिनीचं आणि कराराचं कागदावर लग्न लागतं,
त्यात जी किंमत वाढते, तिची निम्मी त्यांना.
मला हसू आवरेना.
चव्वेचाळीस वर्षं संसार केला तो फुकटात,
आणि एकटी झाल्यावर हे बिल!
तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.
कायदा बदलतोय म्हणाली, मंजूरही झालाय,
फक्त लागू कधी होईल ते –
ते मला कळलं. तलाठ्याची मुलगी आहे मी.

सर्व्हेअर आला, पंचविशीतला पोरगा.
बूट न सांगता दारात काढले.
लेझरचा कुंकवाएवढा लाल ठिपका
कपाटावरून फिरला, माझ्या मनगटावरून,
जिथे टेकला तिथे म्हणे खोली संपते.
वास कसला येतोय, छान आहे, म्हणाला.
काळा मसाला. रिपोर्टात घालणार आहात का?

त्यांनी बावीस मागितले, आम्ही तेरा म्हटलं.
मासळीबाजारात याहून लवकर उरकतं.
सतरा हजार शंभर,
वर दोन्हीकडच्या वकिलांची फी माझ्याच माथी.
म्हणजे वरातीचा खर्चही मुलीकडेच.

आता शहात्तर अधिक नव्वद.
एकशे सहासष्ट वर्षं, आणि मी एकाहत्तरची.
दहा-बारा वापरीन त्यातली.
मृण्मयी म्हणते, विकायला सोपं जाईल.
जाईल.
शेवटच्या रात्री कुणीतरी या सिंकपाशी उभं असेल,
नळ गळत असेल, गळतोच तो.
समुद्र तोवर कुठवर आला असेल
याचं कलम मला सापडलं नाही.

आणि भाडं?
वर्षाला एक मिरीचा दाणा. मागितला तर.
मी दोनदा विचारलं. खरंच मिरी?
लाक्षणिक असतं, मिस प्रिचर्ड म्हणाली,
माझ्या माहितीत तरी कुणी मागितलेला नाही.

घरी येऊन डबा उघडला.
एक टपोरा दाणा निवडून
सदानंदच्या चष्म्याच्या डबीत ठेवला.
असू दे, उधारी नको कुणाची.
उरलेली मूठभर खलबत्त्यात घातली
आणि साराला कुटत बसले, जाडसर,
फळ्यांखालचे वासे ज्यांचे आहेत
त्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात.